इंजिनिअर झालेलं लाकूड

रात्री दोनच्या सुमाराला आमच्या बेडरूममध्ये स्फोट झाला.

'स्फोट' हा शब्द मी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर वापरला. खरं तर आवाज होता लोखंडी कढई ओट्यावरून पडावी तसा. पण गाढ झोपेत कढईलासुद्धा स्फोटाचा मान मिळतो. मी ताडकन उठलो आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची पहिली गोष्ट केली. बायकोला हलवलं.

"जागीच आहे मी," ती म्हणाली. "बघा ना काय पडलंय."

हातात काहीतरी असावं म्हणून मी उशी घेतली. चोर खरंच असता तर उशीने त्याचं काय करणार होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा 'बसा' म्हणालो असतो. तीन पावलं गेलो आणि अंगठ्याला अशी ठेच लागली, की मी जी आरोळी ठोकली तिने वॉचमन जागा झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दिवा लावून पाहतो तर पलंग आणि कपाट यांच्यामध्ये दोन फरश्या डोक्याला डोकं टेकवून उभ्या. पत्त्यांचा बंगला करताना पहिली दोन पानं उभी करतात ना, अगदी तशा.

सकाळी आलेल्या मिस्त्रीने बाकीच्या फरश्यांवर चावीने टकटक केलं आणि निदान सांगितलं, "सगळ्या पोकळ वाजतायत. एकीला एक चिकटवून बसवल्यात हो. मध्ये फटच ठेवली नाही. थंडीत खालचा स्लॅब आकसतो, फरशीला सरकायला जागा नाही. मग उठणारच की."

"पण बावीस वर्षं गप्प होत्या!"

"सहन केलं," मिस्त्री म्हणाला आणि उगाचच माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनेही मान डोलावली.

त्याच दिवशी निमूटपणे दुसऱ्या फरश्या आणल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बायको म्हणाली, "आता फरशी नकोच. लाकडाचं करू या." हे तिला सुचण्याचं कारण न्यू जर्सीत राहतं. तिचा धाकटा भाऊ. त्याच्या घरात सगळीकडे लाकडी जमीन आहे आणि व्हिडिओ कॉल करताना तो आधी स्वतःचा चेहरा दाखवतो, मग लगेच जमीन. मी विरोध करायला हवा होता. पण माझं लहानपण वाईच्या वाड्यात गेलं. माडीला सागवानी तक्तपोशी होती, आणि पाऊल टाकलं की ती कुरकुरायची. रात्री उशिरा आलो की कुठल्या फळीवर पाय ठेवायचा नाही, हे मला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. वडिलांनाही ते पाठ होतं. ते नेमके त्याच फळीशेजारी झोपायचे. तरीही लाकडी जमीन म्हटलं की माझा जीव हळवा होतो. माणूस मार विसरतो, कुरकुर विसरत नाही.

आम्ही एका शोरूममध्ये गेलो. दारातच चपला काढायला लावल्या, त्यामुळे आधी देऊळ आठवलं. दर ऐकल्यावर देव आठवला.

"सर, सॉलिड बघणार की इंजिनिअर्ड?" टाय लावलेल्या पोराने विचारलं.

"लाकूड बघणार," मी म्हणालो.

"दोन्ही लाकूडच आहे, सर."

त्याने दोन तुकडे हातात ठेवले. दोन्ही वरून सारखेच, सोनेरी, सागाचे. कडेने पाहिलं तर एक सलग, १८ मिलिमीटर जाड. दुसरा १५ मिलिमीटर. त्याच्या डोक्यावर ४ मिलिमीटर साग आणि खाली प्लायचे थर, कापलेल्या बाकरवडीसारखे.

"लाकूड हवेतलं पाणी पितं, सर. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीला फारसं नाही, रुंदीलाच जास्त."

हे ऐकून मी नकळत पोट आत घेतलं.

"इंजिनिअर्डमध्ये काय करतात, पातळ थर एकावर एक उभे-आडवे चिकटवतात. एकाची रेषा उभी, तर दुसऱ्याची आडवी. एकाला फुगायचं असतं, तर शेजारचा त्याला फुगू देत नाही."

थोडक्यात, आघाडी सरकार. कोणालाच मनासारखं हलता येत नाही आणि त्यालाच स्थैर्य म्हणायचं. सॉलिड म्हणजे एकहाती बहुमत. दिसायला रुबाबदार, पण एकदा फुगायचं ठरवलं की भिंतीलाही ढकलतं.

"मग लोक सॉलिड का घेतात?" बायकोने विचारलं.

"अस्सल आहे ना, मॅडम. वरपासून खालपर्यंत लाकूड. पाच-सहा वेळा घासून नवं करता येतं. इंजिनिअर्ड दोन-तीनदाच."

"किती वर्षांनी घासायचं?"

"दहा-बारा वर्षांनी."

मी मनात हिशेब केला. माझं वय ६२. पाचव्यांदा घासण्याची वेळ येईल तेव्हा मी १२२ वर्षांचा असेन आणि मिस्त्रीला चहा कोण देणार, हा प्रश्न उभा राहील. तरीही मला सॉलिडच हवंसं वाटलं. आपण नसू तेव्हाही आपली जमीन घासता येईल, ही कल्पना मराठी माणसाला विम्याच्या पॉलिसीइतकीच मोहात पाडते.

कोपऱ्यात तिसरा प्रकार होता, लॅमिनेट. निम्म्याहून निम्म्या दरात. पोराने तो सगळ्यात शेवटी दाखवला, तोंडावर 'तुमच्यासाठी नाही, पण विचारलंत म्हणून' असा भाव आणून. लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला पाटा, त्यावर लाकडाचा फोटो आणि फोटोवर पारदर्शक कवच. १९७७ साली स्वीडनमध्ये हे निघालं म्हणे. दिसायला झकास. पण मांडलेल्या नमुन्यात दर पाचव्या पट्टीवर तीच गाठ, तोच डाग, त्याच जागी. एकाच झाडाला पाच वेळा तोच फोड येतो म्हटल्यावर बायकोने ते रद्द केलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई ८४ वर्षांची. तिचं कान सोडून सगळं शाबूत आहे आणि कानसुद्धा हवे तेव्हा शाबूत असतात.

"दोन प्रकार आहेत, आई. एक सॉलिड आणि एक इंजिनिअर्ड."

"लाकूड इंजिनिअर झालं?"

"हो. म्हणजे तसंच."

"कुठल्या कॉलेजात?"

बायको पदराआड हसली. आमच्या घरात मुलगा इंजिनिअर, सून इंजिनिअर आणि स्वयंपाकघरातला नळ गेलं वर्षभर ठिबकतोय. तेव्हा इंजिनिअर झालेल्या लाकडाकडून आईला फारशी आशा नसावी, हे मी समजू शकत होतो.

शोरूमवाल्याने नऊ नमुने घरी दिले होते आणि 'आठवड्यात परत द्या' म्हणून सांगितलं होतं. ते अडीच महिने आमच्याकडे राहिले. पहिल्या दिवशी हॉलमध्ये ओळीने मांडून आम्ही त्यांच्याकडे उभ्याने पाहिलं, बसून पाहिलं, ट्यूबलाइटमध्ये पाहिलं, दिवे घालवून पाहिलं. रंगांची नावंही भारदस्त होती. 'स्मोक्ड ओक' नावाचा तुकडा जळक्या वाड्यातून उचलून आणल्यासारखा दिसत होता आणि त्याचेच पैसे सगळ्यात जास्त होते. दुसऱ्या दिवशी मी शास्त्रीय चाचण्या सुरू केल्या. एक सॉलिड आणि एक इंजिनिअर्ड तुकडा रात्रभर बादलीत भिजत घातला. सकाळी आमच्या बाईंनी ती बादली 'धुण्याची' समजून त्यात साबण टाकला. दोन्ही तुकड्यांना पुढे आठवडाभर लिंबाचा वास येत होता, आणि सॉलिडवाला नावेसारखा वाकला होता. मी त्याला उन्हात ठेवला. तो उलट्या बाजूने वाकला.

उरलेल्या तुकड्यांना हळूहळू घराने आपलंसं केलं. एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेला. एकावर आई अडकित्ता ठेवू लागली, आणि अडकित्ता दोनदा पडल्यावर कुठल्या लाकडाला किती खोच पडते, हे शोरूमवाल्यापेक्षा तिला जास्त कळलं. स्मोक्ड ओकवर बायको गरम कुकर ठेवायची. "आधीच जळकं आहे," ती म्हणाली.

बाईंशी बोलणी हा वेगळा अध्याय. लाकडी जमीन फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, असं पत्रकात होतं. आमच्या बाई फरशी पुसतात तेव्हा धरणातून विसर्ग सुरू आहे, असं वाटतं.

"पिळून पिळून हाताला जे होईल, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

लाकूड घरात येण्याआधीच त्यांचा पगार दोनशे रुपयांनी वाढला.

दरम्यान, सोसायटीच्या बाकावर माझा विषय दररोज संध्याकाळी चर्चेला येत होता. पुण्यात कोणी काही विकत घेणार असेल, तर ते न घेतलेल्या माणसांना त्यातलं सगळ्यात जास्त कळतं. तळमजल्यावरचे म्हणाले, "वाळवी!" आणि उठून गेले. एवढंच सांगायला थांबले होते. आमच्या बरोब्बर खाली राहणाऱ्या वहिनींनी विचारलं, "तुम्ही रात्री चालता का हो?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर मात्र शांतपणे म्हणाले, "घ्या. पण अस्सल घ्या. मी नुसतं वाजवून सांगतो अस्सल की नक्कल." त्यांनी आयुष्यभर नोटा वाजवल्या नव्हत्या, पण आम्हा सगळ्यांना ते पटलं.

अस्सल म्हटल्यावर मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. तिथे लाकडाचा असा वास येतो, की नुसतं उभं राहिलं तरी आपण घर बांधतोय असं वाटायला लागतं. व्यापारी गादीवर बसून कानात काडी घालत होता. साग म्हटल्यावर त्याने घनफुटाचे भाव असे म्हणून दाखवले, जणू आरती. बर्मा, घाना, सीपी, बल्लारशा.

"कशाला पाहिजे? चौकटी? पलंग?"

"जमिनीला."

"जमिनीला? साग?" त्याने काडी बाहेर काढली. "जमिनीला?"

मी मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "अहो, नव्या संसदेला नागपूरहून साग गेलाय. अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे आमच्या बल्लारशाच्या सागाचे आहेत. तुमचं काय आहे?"

"बेडरूम," मी म्हणालो. "११ बाय १४."

त्याने सहानुभूतीने चहा मागवला. मग समजावून सांगितलं, की सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या वाट्याला जात नाही, पण कडेचं पांढरं लाकूड ती आवडीने खाते, आणि स्वस्तात देणारा ते पांढरंच तुमच्या गळ्यात मारतो. त्याच्याकडचे ओंडके संसदेच्याच लायकीचे दिसत होते. आमच्या बेडरूममध्ये होणाऱ्या चर्चेची पातळी लक्षात घेऊन मी परत आलो.

रविवारी न्यू जर्सीचा फोन आला. मेव्हण्याने सवयीप्रमाणे कॅमेरा जमिनीकडे वळवला.

"भाऊजी, रेड ओक. पाऊण इंच. सॉलिड! इंजिनिअर्डच्या नादी लागू नका."

"मधे काळ्या रेघा कसल्या दिसतायत रे?" मी विचारलं.

"त्या... फटी आहेत. थंडीत हीटिंग चालू असतं ना. हवा कोरडी होते, लाकूड आकसतं. उन्हाळ्यात बुजतात परत."

"मग थंडीत?"

"ह्युमिडिफायर लावलाय. चोवीस तास. जमिनीसाठी." एवढं बोलून तो खोकला. मागच्या कॉलवरही खोकत होता. जमिनीला वाफ आणि घरमालकाला खोकला, हे दृश्य पाहून माझा सॉलिडचा ताप थोडा उतरला. मग त्याची बायको दिसली. फटीतून सुईने काहीतरी उकरत होती. कानातल्याची फिरकी.

पुण्याची हवा तर याहून तऱ्हेवाईक. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता पार विशीपर्यंत खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. शोरूमच्या पत्रकात लिहिलं होतं, 'खोलीतील आर्द्रता ३५ ते ५५ टक्के राखावी.' मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोण राखणार? तुम्हाला चप्पल जागेवर राखता येत नाही."

शेवटी दरपत्रकं आली. १५४ चौरस फूट खोली, त्यात कापाकापीत वाया जाणारं धरून १७०. सॉलिड ८५० रुपये चौरस फुटाने १ लाख ४४ हजार ५००. इंजिनिअर्ड ४२५ने ७२ हजार २५०. सॉलिडच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : 'प्लाय बेस, १५ हजार ३००.'

मी फोन केला. "हे प्लाय कशाला?"

"सर, सॉलिडच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकाव्या लागतात. तुमच्याकडे खाली काँक्रीट आहे. काँक्रीटमध्ये खिळा कसा जाणार? म्हणून आधी प्लाय टाकायचा, त्यावर सॉलिड."

"म्हणजे वर अस्सल साग आणि खाली प्लाय?"

"बरोबर, सर."

"आणि इंजिनिअर्ड म्हणजे?"

"वर अस्सल साग आणि..." तो थांबला. "सर, ते फॅक्टरीत चिकटवलेलं असतं."

याच सुमारास मला आमचे जुने सुतारकाका आठवले. वय सत्तरीच्या पुढे, आता काम करत नाहीत, फक्त इतरांच्या कामाला नावं ठेवायला येतात. ती कलाही त्यांना रंध्याइतकीच अवगत आहे. मी दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सॉलिडच्या तुकड्याच्या कडेची जीभ आणि खाच बोटाने चाचपली. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, तशी ती जमीन जोडतात.

"किती वेळा घासता येईल म्हणाला?"

"पाच-सहा वेळा. अठरा मिलिमीटर आहे ना."

"अठरा कसले? जिभेपर्यंत पोचलात की पट्ट्या सुटल्या. जिभेच्या वर आहे किती? दोन सूत. जेमतेम सहा मिलिमीटर. घासायला तेवढंच." मग इंजिनिअर्डचा तुकडा उचलून, डोळे बारीक करून ते म्हणाले, "यात चार आहे."

"म्हणजे बारा मिलिमीटर साग नुसता खाली पडून राहणार? तो कशाला?"

"मनाला बरं वाटतं," सुतारकाका म्हणाले.

आई तेव्हा तिच्या पाटावर बसून शेंगा सोलत होती. तो पाट माझ्या मुंजीतला, १९७१चा. काकांनी तिला उठायला लावलं. हे धाडस मी कधी केलं नसतं. पाट उलटा केला आणि विचारलं, "ह्या खाली दोन आडव्या पट्ट्या का मारतात, सांगा."

"पाट उंच व्हावा म्हणून," मी म्हणालो.

"ते आहेच. पण फळी वाकू नये म्हणूनही. फळीची रेषा अशी, पट्टीची रेषा अशी. आडवीने उभीला धरलंय. चोपन्न वर्षं जेवलात त्यावर, वाकला का?"

"म्हणजे हा इंजिनिअर्ड आहे?"

काकांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "हा पाट आहे," ते म्हणाले आणि तो सुलटा करून आईला परत दिला.

इंजिनिअर्डची ऑर्डर गेली. पण जुन्या फरश्या काढल्यावर खाली खड्डा पडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो सिमेंटने भरून सपाट करायचा आणि मग वाळू द्यायचा. ओल्या सिमेंटवर लाकूड टाकलं तर ते खालून पाणी पिणार.

"वाळायला किती दिवस?"

"मिलिमीटरला एक दिवस धरा," मिस्त्री म्हणाला. आमचं सिमेंट होतं ४० मिलिमीटर.

चाळीस दिवस आम्ही हॉलमध्ये झोपलो. हॉलमध्ये आई झोपते, टीव्ही असतो आणि आईच्या मालिका रात्री साडेदहापर्यंत चालतात. या काळात मला तीन मालिकांमधल्या सुनांची नावं पाठ झाली आणि त्यांपैकी एकीवर खरंच अन्याय होतोय, असं माझं मत झालं. ते मत मी बायकोसमोर बोललो, ही चूक झाली. "दुसऱ्याच्या सुनेचं बरं दिसतं तुम्हाला," ती म्हणाली. सिमेंट वाळेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग लाकडाची खोकी आली. आम्ही आनंदाने गाद्या उचलल्या तर बसवणारा म्हणाला, "आज नाही. लाकडाला तीन दिवस खोलीत नुसतं पडू द्यायचं. घराची हवा लागली पाहिजे. खोकी आडवी ठेवा, भिंतीपासून लांब. पंखा चालू ठेवा."

नव्या सुनेचंही कोणी इतकं करत नाही. लाकूड बेडरूममध्ये पंख्याखाली निवांत पहुडलेलं आणि आम्ही तिघं हॉलमध्ये एका पंख्याखाली, घामाघूम. आई मधूनच विचारायची, "उठला का तो इंजिनिअर?"

बसवायला दीड दिवस लागला. सगळ्यात आधी दोन मिलिमीटरचा फोम, त्यावर पट्ट्या, एकीत एक अडकवून, खाली कशालाच न चिकटवता. भिंतीच्या कडेने चारी बाजूंनी दहा मिलिमीटरची फट सोडली. "हिला हलायला जागा पाहिजे," बसवणारा म्हणाला. हे वाक्य मी फेब्रुवारीत फरशीच्या बाबतीत ऐकलं होतं. फट स्कर्टिंगने झाकेपर्यंतच्या दोन तासांत तिच्यात आईची एक सुपारी, माझ्या शर्टचं बटण आणि बसवणाऱ्याची पेन्सिल गेली. ती तिन्ही अजून तिथेच आहेत.

काम संपलं. खोली अशी काही झळाळली, की बायको माझ्याशी पुन्हा पूर्ण वाक्यांत बोलू लागली. आम्ही दोघं बाहेर येऊन उंबऱ्यात उभे राहिलो, समाधानाने दार ओढलं, आणि ते निम्म्यात अडकलं. मिस्त्रीने सिमेंट इमानदारीत जुन्या फरशीच्या पातळीपर्यंत आणलं होतं. त्यावर १५ अधिक २ मिलिमीटर. दाराने जमिनीवर पाव वर्तुळाची पहिली रेघ काढली होती. घासायच्या तीन वेळांपैकी एक तिथेच खर्ची पडली, असं मला वाटलं.

पुन्हा सुतारकाका. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालून सहा सूत कापलं आणि कापलेली पट्टी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"हे काय?" मी विचारलं. पट्टीच्या मध्ये पांढुरक्या लाकडाचे ठोकळे एकाशेजारी एक चिकटवलेले होते. वर-खाली कागदासारखा तपकिरी पापुद्रा.

"दार तुमचं."

"पण हे सागाचं आहे ना? सॉलिड?"

"वरचा अर्धा मिलिमीटर आहे की सागाचा."

बावीस वर्षं मी हे दार आल्यागेल्याला दाखवलं होतं. 'हल्ली असं लाकूड मिळत नाही,' असं म्हणून त्यावर थाप मारली होती. दर दिवाळीला त्याला तेल पाजलं होतं. एकदा तर मेव्हण्यालाही फोनवर दाखवलं होतं, त्याच्या रेड ओकला उत्तर म्हणून. मी ती पट्टी पिशवीत घालून माळ्यावर टाकली. मग हिशेब केला तेव्हा जरा हुरूप आला. दारात अर्धा मिलिमीटर साग, जमिनीत चार. म्हणजे जमीन दारापेक्षा आठपट अस्सल.

हा हिशेब बाहेर कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

जुलैत, चांगला पाऊस लागल्यावर, बँक मॅनेजर जमीन तपासायला आले. बाथरूमचं दार फुगलं होतं, देव्हाऱ्याचा खण उघडत नव्हता, काडेपेटी पेटत नव्हती. बेडरूमची जमीन मात्र जागची हलली नव्हती, पण ते मी मुद्दाम बोललो नाही. नजर लागते. मॅनेजरसाहेबांनी मोजे काढले. एका गुडघ्यावर बसले, मग दुसऱ्या. कान जमिनीजवळ नेऊन बोटाच्या पेराने तीन ठिकाणी वाजवलं. घरात शांतता. बाईसुद्धा पिळता पिळता थांबल्या.

"अस्सल," ते म्हणाले. "आरपार अस्सल. आवाज लपत नाही."

मी बायकोकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "तुमच्या कानाला मानलं पाहिजे, साहेब," मी म्हणालो आणि त्यांना उठवायला गेलो, कारण ते स्वतःहून उठू शकत नव्हते. एका बगलेत मी, दुसऱ्या बगलेत बायको. तेवढ्यात हॉलमधून, पाटावरून आईचा आवाज आला.

"अहो, अस्सल कसलं? इंजिनिअर आहे तो! कॉलेज विचारलं तर आमच्या ह्याला सांगता येत नाही."

साहेब तसेच अर्धवट उठलेले राहिले. मी त्यांना परत खाली बसवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.